सेतुरावांचा नियम

घराची किल्ली हातात देण्याआधी सेतुरावांनी मला पॅन कार्डाची झेरॉक्स दिली. तिच्या चारही कोपऱ्यांना हळद लावलेली होती. माथ्यावर पिळ्ळैयारची, म्हणजे आपल्या गणपतीची, खूण शाईने काढलेली होती. तमिळ माणसे कुठल्याही कागदाची सुरुवात अशा खुणेने करतात, हे मला पुढे कळले. मी बँकेत नोकरी करते. आजवर हजारो पॅन कार्डे हाताखालून गेली असतील, पण हळद लागलेले हे पहिलेच.

"भाडें देतां तें तुमच्या ऑफिसांत दाखवायास लागतें न," ते म्हणाले. "त्यास घरवाल्याचा नंबर लागतो. तुम्हीं मागायचें, मग मीं द्यायचें, कशास तें? आधींच घ्या."

मी चाट पडले. बदल्यांच्या नोकरीत मी चार गावांत भाड्याने राहिले होते. पॅन नंबर मागितला की घरमालकाचा चेहरा उतरतो, हे मला पाठ होते. एकाने भाडेच वाढवले होते, दुसऱ्याने "रोख द्या आणि विषय संपवा" म्हणून सुनावले होते. त्यांना नावे ठेवायला माझे तोंड नाही. बार्शीला आमचे कापडाचे दुकान. वडील म्हणायचे, "टॅक्स भरणारा माणूस म्हणजे सापडलेला माणूस." मार्च महिन्यात दारात कुणी अनोळखी गृहस्थ दिसला की "बाबा बाहेरगावी गेलेत" असे सांगायला आम्ही भावंडे न शिकवता शिकलो होतो. बाबा तेव्हा माजघरात चहा पीत असायचे.

आणि इथे हा सत्तरीचा, सडपातळ, लुंगीसारखी पांढरी वेष्टी नेसलेला माणूस मला न मागता नंबर देत होता. कार्डावर फोटो नव्हता. नावाच्या जागी त्यांच्या वडिलांचे नाव आणि पुढे 'हिंदू अविभक्त कुटुंब' असे इंग्रजीत. हे घर एकट्या सेतुरावांचे नव्हते, कुटुंबाचे होते. भाडे कुटुंबाच्या खात्यात जाई आणि त्यावरचा कर कुटुंब भरी. सेतुराव त्या कुटुंबाचे कर्ते. जन्मतारखेच्या जागीही एक तारीख होती.

"ही कसली तारीख?"

"कुटुंब जन्मल्याची तारीख घाला म्हणाले," सेतुराव हसले. "कुटुंब कधीं जन्मतें, कोणास ठाऊक? अप्पांच्या लग्नाची घातली."

मी त्यांना 'काका' म्हणायला गेले तर त्यांनी हात वर करून थांबवले. "काका नको बाई. काका म्हणजे बापाचा भाऊ. भाऊ आला कीं हिस्सा आला, हिस्सा आला कीं वांटणी आली. मामा म्हणा. मामास कांहीं मिळायाचें नसतें, त्यानें द्यायाचें मात्र." तेव्हापासून ते माझे सेतुमामा झाले. इथे सगळ्याच वडीलधाऱ्यांना मामा म्हणतात, पण असा कायदेशीर खुलासा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

मद्रासच्या नुंगंबाक्कम भागात एका आतल्या गल्लीत त्यांचे दुमजली घर. खाली रस्त्याच्या बाजूला एका आर्किटेक्टची कचेरी, मागे दोन खोल्यांत सेतुमामा आणि वर मी. माझा नवरा नि मुलगा पुण्याला, मी इथे बदलीवर. सेतुमामा एग्मोरच्या एका खासगी कंपनीत स्टेनो होते. निवृत्त होऊन तप उलटले तरी ते टाइपरायटरपुढे बसल्यासारखे ताठ बसत. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हते. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत जुन्या बखरीतले शब्द आणि तमिळचा हेल यांची गंमतशीर सोयरीक झालेली. पहिले काही दिवस मी त्यांचे म्हणणे बाजूला ठेवून नुसती भाषाच ऐकत राही.

कराबद्दल त्यांचे म्हणणे ऐकून तर माझे वडील जेवणावरून उठले असते. "कर म्हणजे दंड नव्हे बाई, हजेरी आहे," ते सांगत. "पुण्यास गेलों तर मद्रासी म्हणतात. इथें शेजारी रायर, म्हणजे मराठी, म्हणतात. दोन्हींकडे अर्धे. इन्कम टॅक्सवाले मात्र पुरें नांव घालून लिहितात, अमक्याचें कुटुंब, अविभक्त. वर्षांतून एकदां 'आहों' म्हणून सांगावें कीं नको?" मी म्हटले, "मामा, हजेरीला पैसे पडतात पण." ते म्हणाले, "फुकटची हजेरी कोण मोजतो?"

बँकेतली सवय म्हणून मी एकदा त्यांचा हिशेब मांडून पाहिला. कचेरीचे आणि माझे भाडे एकाच नावावर दिसत असल्यामुळे कर चांगलाच बसत होता. हिस्से दोनच, एक सेतुमामांचा आणि एक त्यांचे धाकटे भाऊ गोपाळराव यांचा. दोघेही निवृत्त. वाटणी करून अर्धे अर्धे भाडे दाखवले असते तर दोघांचा मिळून कर निम्म्यावर आला असता. आमच्याकडे चार पैसे वाचवण्यासाठी लोक कागदावर एकत्र कुटुंब उभे करतात आणि हा माणूस एकत्र कुटुंबापायी जास्तीचा कर भरत होता. मी हे शोध लावल्याच्या थाटात त्यांना सांगितले. त्यांनी कागद पाहिला, बेरीज बरोबर आहे म्हणाले आणि घडी करून परत दिला.

जुलै उजाडला तसे सेतुमामा अस्वस्थ झाले. रिटर्न भरायची मुदत जुलैअखेर. ते टंकलेखन केलेल्या कागदांची चळत घेऊन वर आले. "बाई, एक नियम आहे. एकत्र कुटुंबाचा रिटर्न घालायाच्या आधीं सगळ्या हिस्सेदारांनीं एका जागीं बसून तो वाचायचा आणि सही करायची. धाकटे येतील रविवारीं. तुम्हीं खालीं येऊन बसाल काय?"

"मी कशाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आम्हीं बोलत नाहीं," ते म्हणाले. "आधीं मामी मध्यें बसत होती. गेल्या वर्षीं स्वयंपाकाच्या बाईस बसवलें. तिला मराठी येत नाहीं, फार गोंधळ झाला. तुम्हीं मराठी, त्यांत बँकेंतल्या." मग माझ्या लक्षात आले की घर बघायला आलेल्या सात जणांतून माझीच निवड का झाली होती. मला वाटले होते, माझ्या चेहऱ्यावरचा प्रामाणिकपणा.

रविवारी अकराच्या ठोक्याला गोपाळराव आले. थोरल्यांपेक्षा बुटके, गोल चेहऱ्याचे, हातात छत्री. जुनी ओळख असल्यासारखे मला हसून विचारले, "बऱ्या आहां न?" आणि सेतुमामांच्या समोरच्या खुर्चीवर बसले. दोघांत अंतर चार फुटांचे.

"बाई, त्यांस विचारा, कॉफी घेतील काय."

मी वेड्यासारखी वळून विचारले, "कॉफी घेणार का?"

"त्यांस सांगा, घेतों. साखर अर्धा चमचा."

"त्यांस सांगा, साखर ठाऊक आहे."

असे दोन तास चालले. सेतुमामा माझ्याकडे बघून एकेक आकडा वाचत. गोपाळराव माझ्याकडे बघून मान हलवत. माझी मान टेनिसच्या सामन्यातल्या प्रेक्षकासारखी दोन्हीकडे फिरून दुखायला लागली. मधेच गोपाळराव थबकले. "त्यांस सांगा, महापालिकेस भरलेली पट्टी वजा घालायाची राहिली." सेतुमामांनी कागद तपासला, "त्यांस सांगा, बरोबर," म्हणाले आणि पेन्सिलीने दुरुस्ती केली. गोपाळरावांचा चेहरा खुलला. मी मनात म्हटले, काय संशयी माणूस आहे, सख्ख्या भावाच्या आकड्यांवर विश्वास नाही.

मग केळीच्या पानावर जेवण. भात, सांबार आणि तंजावरी मराठी घरातले डांगर, म्हणजे उडदाचे पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेले. ते सेतुमामांनी स्वतः केलेले. गोपाळरावांनी तीनदा घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा असेंच करीत होती म्हणून सांगा." सेतुमामा ताकाचे भांडे आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

न बोलण्याचे कारण त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितले. कुंभकोणमजवळ कुटुंबाची नारळाची बाग होती. गोपाळरावांच्या मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले म्हणून ती विकायची ठरली. गिऱ्हाईक चांगले मिळाले, पण अर्धी रक्कम चेकने आणि अर्धी रोख, पिशवीतून देणार होते. सगळीकडे चालते तसेच. कर्ते म्हणून सही सेतुमामांची. ते अडून बसले, पुरी किंमत खतात लिहा. गिऱ्हाईक उठून गेले. दुसऱ्याने एक तृतीयांश कमी दिले, त्यावर पुन्हा कर बसला. गोपाळरावांच्या बायकोचे दागिने गहाण टाकून लग्न झाले. लग्नात गोपाळरावांनी थोरल्या भावाला रीतसर नमस्कार केला, आणि तेव्हापासून बोलणे बंद. त्याला अकरा वर्षे झाली होती.

"मामा, मुलीसारख्या पुतणीचे लग्न होते. थोडे डोळे मिटायचे होते," मी म्हटले. मला तेव्हा गोपाळरावांची बाजू पटली होती, हे कबूल करते. तत्त्वाची माणसे दुसऱ्याच्या खर्चाने तत्त्वे पाळतात, असेही मनात येऊन गेले. सेतुमामा म्हणाले, "मज लबाडी येत नाहीं बाई." एवढेच. मला ते उत्तर कोरडे वाटले.

दुसऱ्या जुलैत गोपाळराव छत्रीबरोबर एक पाकीटही घेऊन आले. आकडे वाचून झाले, त्यांनी त्यातली नेहमीची एक चूक काढली आणि मग ते पाकीट माझ्याकडे सरकवले. "त्यांस सांगा, मुलगी बेंगळुरांत घर घेत आहे. वांटणी करूं. अर्ज लिहून आणला आहे. त्यांनीं सही केली म्हणजे झालें."

वाटणी झाली की एकत्र कुटुंबाचा रिटर्न संपला. रिटर्न संपला की जुलैतला रविवार संपला. हे मला त्या क्षणी लख्ख कळले, कारण सेतुमामांनी हातातल्या पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "त्यांस सांगा, वांटणी मागितली तर नाहीं म्हणायाचा मज हक्क नाहीं. पण इन्कम टॅक्सचा नियम आहे. अर्ज एक वर्ष घरांत ठेवून मग द्यावा लागतो." आणि माझ्याकडे वळून, "बाई, तुम्हीं बँकेंतल्या. नियम असा आहे न?"

असा काही नियम नाही. हे मला त्याच वेळी माहीत होते असे नाही, पण वास आला. सेतुमामांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच विनवणी पाहिली. मी गोपाळरावांकडे बघून ठणठणीत आवाजात सांगितले, "हो. एक वर्ष ठेवावा लागतो." गोपाळरावांनी मला नीट न्याहाळले. "सरी," ते म्हणाले. सरी म्हणजे ठीक. अर्ज सेतुमामांच्या कपाटात गेला.

त्या रात्री मी कायदा उघडून बसले. वाटणी मान्य होण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि अधिकाऱ्याने चौकशी करून तसे लिहावे लागते, तोपर्यंत कुटुंब एकत्रच धरले जाते, हे खरे निघाले. एक वर्ष घरात ठेवायचे कुठेही नव्हते. आणि पुढे वाचत गेले तर हिस्सेदारांनी एका जागी बसून रिटर्न वाचण्याचा नियमही नव्हता. कर्त्याची सही पुरते. आता तर तीही नको, मोबाइलवर आलेला आकडा टाकला की झाले. एक रुपया न लपवणारा हा माणूस इतकी वर्षे इन्कम टॅक्सच्या नावावर धडधडीत खोटे बोलत आला होता.

सकाळी मी खाली जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "मामा, काल तुम्ही माझ्याकडून खोटे वदवलेत."

ते दाराशी रांगोळीची खडी डबीत भरत होते. मामी गेल्यापासून कोलम तेच काढत. "होय," ते म्हणाले. "पाप माझ्या नांवावर घाला."

"आणि तो एकत्र बसून वाचायचा नियम?"

"तोही." ते उठून उभे राहिले. "लग्नानंतर पहिलें वर्ष त्यानें फोन उचलला नाहीं. चिठ्ठीस उत्तर नाहीं. दिवाळीस नाहीं, अप्पांच्या श्राद्धास वेगळें केलें. मग जुलैत मीं टाइप करून पत्र धाडलें, इन्कम टॅक्सच्या नियमाप्रमाणें हजर राहावें. आला. सरकारचें नांव घातलें म्हणून आला, माझें घातलें असतें तर आला नसता. काय करूं, सांगा."

मला बार्शीच्या दुकानातल्या लबाड्या आठवल्या. तिथे प्रत्येक खोट्यातून आमच्या घरात काहीतरी यायचे. इथे हा म्हातारा खोटे बोलून जास्तीचा कर भरत होता, आणि बदल्यात त्याला वर्षातून दोन तास मिळत होते. मी त्यांना एक बोल लावू शकले नाही. उलट पुढच्या वर्षी कुठला नियम सांगायचा, यावर आम्ही दोघांनी आठवडाभर विचार केला.

तिसऱ्या जुलैत वाटणीच्या अर्जाला नवा स्टॅम्प पेपर लागतो, असे सांगायचे ठरले होते. पण गोपाळरावांनी अर्जाचे नावच काढले नाही. मुलीने घर कर्ज काढून घेतले, एवढे माझ्याकरवी कळवले, डांगर तीनदा घेतले आणि गेले. सेतुमामा संध्याकाळभर गुणगुणत होते. मी म्हटले, "मामा, आता सरळ बोला की एकदा." ते म्हणाले, "आतां सवय मोडली बाई. तोंड उघडून काय म्हणूं? 'कसा आहेस' म्हणूं? बारा वर्षांनीं?"

चौथ्या वर्षी जूनमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. मीच रिक्षात घालून जवळच्या इस्पितळात नेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नातेवाइकांना कळवायला सांगितले तशी मी गोपाळरावांना फोन केला. तासाभरात ते आले. छत्री नव्हती, पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर ते बसले आणि म्हणाले, "त्यांस सांगा, गोपाळ आला आहे म्हणून."

मी आत गेले. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. मी कानाशी वाकून सांगितले, "मामा, गोपाळराव आलेत." त्यांनी डोळे उघडले. मुखवटा जरा बाजूला केला.

"जुलै लागला काय?"

"नाही मामा. जूनच आहे."

जूनमध्ये भाऊ आला, हे काही त्यांच्या हिशेबात बसेना. "मग कशास आला?" ते पुटपुटले. आणि थोड्या वेळाने, "त्यांस जेवायास घाला."

मी बाहेर येऊन थाप मारली. "मामांनी तुम्हाला आत बोलावलंय." गोपाळराव चटकन उठले. आत एकालाच सोडत, म्हणून मी काचेबाहेर थांबले. दहा मिनिटे ते पलंगाशी उभे होते. मला त्यांची पाठ दिसत होती. एकदा त्यांनी वाकून पायांवरचे पांघरूण नीट केले. सेतुमामा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

सगळे विधी गोपाळरावांनी केले. त्या धावपळीत त्यांच्याशी बोलायला सवड मिळाली नाही, आणि खरे सांगायचे तर धीरही झाला नाही. मला माझी थाप, माझा तो ठणठणीत 'हो', सगळे टोचत होते. एका साध्याभोळ्या माणसाला आपण दोघांनी वर्षानुवर्षे फसवले, त्याला त्याच्या हक्काच्या वाटणीपासून अडवले, असे वाटत होते. सेतुमामांना विचारायची सोय राहिली नव्हती.

जुलैतल्या शेवटच्या रविवारी अकराच्या ठोक्याला फाटक वाजले. गोपाळराव. त्यांनी कुलूप उघडले, खिडक्या उघडल्या आणि मला हाक मारली. टेबलावर सेतुमामांनी मे महिन्यातच टाइप करून ठेवलेला रिटर्नचा कच्चा मसुदा होता. गोपाळराव त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. समोरच्या खुर्चीवर बसायचे माझ्या जिवावर आले, मी बाजूचे स्टूल ओढून घेतले.

"गोपाळराव, एक सांगायचंय," मी म्हटले आणि एका दमात सांगून टाकले. एकत्र बसून वाचायचा नियम नाही. कधीच नव्हता. अर्ज वर्षभर ठेवायचाही नाही. मामांनी बनवले होते आणि मी साथ दिली. "तुम्हाला इतकी वर्षे उगाच खेपा पडल्या. माफ करा."

ते मसुद्यावरून नजर न उचलता म्हणाले, "बाई, एकतीस वर्षें इन्कम टॅक्सच्या ऑफिसांत होतों मी. क्लार्क लागलों, सुपरिंटेंडेंट होऊन निघालों."

चार वर्षांत ना मी विचारले होते, ना कुणी सांगितले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिलें पत्र आलें तेव्हांपासून. असा नियम नाहीं तें मज ठाऊक, मज ठाऊक आहे तें त्यास ठाऊक. त्यानें निमित्त काढून बोलाविलें, मी निमित्तास मान देऊन आलों." त्यांनी पेन्सिल उचलली. "हें पहा, पट्टी पुन्हां वजा घातली नाहीं. दर वर्षीं एक चूक मुद्दाम ठेवीत होता. ती सांपडेपर्यंत मज बसावें लागे."

माझ्या तोंडून निघून गेले, "मग बागेच्या वेळी इतका राग का धरलात?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पिशवीचा पैसा मज पाहिजे होता. लग्न होतें. अण्णा नको म्हणाला. इन्कम टॅक्सचा माणूस पिशवी घेतो म्हणून कोणीं एक चिठ्ठी टाकिली असती तर माझी नोकरी गेली असती. त्यानें तें बोलून नाहीं दाखविलें. बायकोमुलीसमोर 'तुझ्या नोकरीसाठीं' म्हणाला असता तर मी चोर ठरलों असतों. त्यापरीस 'मज लबाडी येत नाहीं' म्हणाला, आणि वाईटपणा घेतला. मज कळलें पांच-सहा वर्षांनीं. तोंवर अबोल्याची सवय झाली होती."

त्यांनी 'अण्णा' म्हटलेले मी प्रथमच ऐकले. तत्त्वाचा माणूस म्हणून ज्याला मी मनातल्या मनात कोरडा ठरवले होते, त्याचे तत्त्व बिचारे निमित्ताला होते. मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिले.

"इस्पितळात तरी बोललात ना?" मी डोळे पुसत विचारले. "दहा मिनिटं होतात आत."

गोपाळरावांनी मान हलवली. "नाहीं. त्यानें मुखवटा काढिला, मीही तोंड उघडलें. मग दोघांनींही दाराकडे पाहिलें." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्हीं बाहेर होतां."

बाहेर रस्त्यावर एक हॉर्न बराच वेळ वाजत होता. गोपाळरावांनी पट्टीचा आकडा स्वतःच्या हाताने मसुद्यात लिहिला. आता कर्ते तेच. त्यासाठी नवे प्रतिज्ञापत्र करायचे, उरलेल्यांची, म्हणजे त्यांची, बायकोची आणि मुलीची, नावे त्यात घालायची, पॅनच्या नोंदी बदलायच्या, ही कामे त्यांनी मला क्रमाने सांगितली आणि मी कागदावर टिपून घेतली. आवाज अगदी कचेरीतल्या माणसाचा होता. मी कपाट आवरायला घेतले तेव्हा वरच्या खणात ते पाकीट सापडले. त्यावरही सेतुमामांनी कोपऱ्यांना हळद लावून ठेवली होती. मी ते गोपाळरावांसमोर ठेवले.

"हा वाटणीचा अर्ज. तुमचाच आहे. आता द्यायचा असेल तर अडचण नाही."

त्यांनी पाकिटातून कागद काढून वाचला. दोन नावे होती, एकाखाली सही होती, दुसरी जागा कोरी. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट टेकवले.

"वांटणी कोणाशीं करूं, बाई?" ते म्हणाले.